करंगळीवरचं नाव

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, पालकहो, माझे सहकारी आणि ज्यांच्या निरोपासाठी हा सगळा घाट घातलाय त्या आमच्या पहिलीच्या बाई, सर्वांना नमस्कार. मुख्याध्यापिकेनं थोडक्यात आवरावं, अशी सर्वांचीच इच्छा असते. आज मात्र ऐकून घ्यावं लागेल.

मुलांना स्वतःच्या शरीराची काळजी घ्यायला शिकवणारा तास बाईंनी मागितला, तेव्हा नको म्हणणारी पहिली मीच. एवढ्याशा पोरांच्या डोक्यात नको ते कशाला भरता, असं मी त्यांना चारचौघांत सुनावलं होतं. पण बाई ऐकतात कुणाचं? चित्रकलेच्या तासाला त्यांनी मुलांना कागदावर स्वतःचा हात गिरवायला लावला. कुणी नको तसा हात लावला, तर ज्याला सांगता येईल असं एकेक माणूस बोटांवर लिहायचं.

कागद मी चाळले. आई, आजी, बाई, बसमधली मावशी, अगदी शिपाईकाकासुद्धा. मी? एकाही बोटावर नाही. राग आला, खोटं कशाला बोलू?

एका अंगठ्यावर घरातलंच एक माणूस लिहून खोडलं होतं, कागद फाटेपर्यंत. पुष्कळ वर्षं झाली. मूल कोण, ते मी सांगणार नाही. मला तो गबाळेपणा वाटला. बाई जाऊन त्या मुलाशेजारी जमिनीवर बसल्या आणि का खोडलंस, एवढंच विचारलं.

“ते म्हणाले, कुणाला सांगायचं नाही.”

“सांगितलंस, फार चांगलं केलंस. तुझी काहीच चूक नाही.”

मला शाळेच्या नावाची चिंता पडली होती. बाईंनी आईला बोलावून घेतलं आणि माझ्याच टेबलावरून पोलिसांना फोन लावला. मी नुसती उभी होते. त्याची लाज मला आजही वाटते. ते लेकरू सुटलं, ते बाईंमुळे.

पालकहो, हा तास बंद करा, असं पत्र तुमच्यापैकी काहींनी दिलंय. बाई गेल्या की तो आपोआप बंद पडेल, असाही काहींचा होरा आहे. तर उत्तर इथंच देते. सोमवारपासून तो तास मी घेणार आहे.

बाई, यंदाचे कागद तुम्ही काल माझ्या हाती दिलेत. त्यात एका करंगळीवर ‘मोठ्या बाई’ आहेत. करंगळी तर करंगळी, मला पुरते.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर क्षमा करा. पण करंगळीवर मला लिहिणारं ते मूल कधी माझ्या दाराशी आलं आणि मी ऐकलं नाही, तर मात्र करू नका.