क्लोटिल्डच्या मागचं पाणी

अर्लीन : एसी वाढव जरा. आणि मला परत आत पाठवू नकोस, नूमा. जे बघायचं ते बघून झालंय माझं.

नूमा : अख्खी क्लोटिल्ड हवेली राहिलीय अजून. बाकीचे पर्यटक सगळे वर गेलेत. पलंग आहेत, झुंबरं आहेत…

अर्लीन : त्या हवेलीच्या पायऱ्या मी बारा वर्षांची असल्यापासून पुसल्यात. मला पलंग नको दाखवू.

नूमा : मग पाणी तरी पी. चेहरा बघ कसा उतरलाय. खोपटात गेली होतीस ना?

अर्लीन : गेले होते. ती गाईड पोरगी, दातांना तार लावलेली…

नूमा : केंडल. चांगली आहे पोरगी.

अर्लीन : चांगलीच आहे. आपल्याच दारात उभी राहून सांगत होती, लढाई संपली, गुलाम सुटले, तेव्हापासून ही खोपटं रिकामी पडलीत. वीस माणसं माना डोलवत होती. मी चुलीकडे बघत होते. त्या चुलीच्या डाव्या अंगाला तू जन्मलास. सुईणीला पाणी मी आणून दिलं होतं.

नूमा : तिला लिहून दिलेलं असतं. ती तेवढंच बोलते.

अर्लीन : एकोणऐंशी सालापर्यंत आई राहिली त्यात. भिंतीच्या फटींना आपण वर्तमानपत्रं चिकटवायचो. ऊसतोड सुरू झाली की तिच्या केसांतून पाचटाची राख निघायची, नाताळपर्यंत.

नूमा : तू काही बोलली नाहीस ना तिथे?

अर्लीन : का? नोकरी जाईल तुझी?

नूमा : तसं नाही. पण मालक म्हणतात, ड्रायव्हरने गाडी चालवावी.

अर्लीन : घाबरू नकोस. तोंड उघडलं होतं, परत मिटलं. मी तरी ओकलंडला आजवर काय सांगत आले? वॉल्टरशी लग्न केलं तेव्हा त्याला सांगितलं, आमचं गावी मोठं घर आहे, पांढऱ्या खांबांचं. ती पोरगी आज जे बोलली, ते मी तिच्या जन्माआधीपासून बोलतेय.

नूमा : वॉल्टर गेला बिचारा. सोड आता ते.

अर्लीन : सोडते, पण ऐकून घे. आई गेली तेव्हा मी तुला दुकानातल्या फोनवर म्हटलं होतं, रजा मिळत नाही. मिळाली होती. पाच दिवसांची. वॉल्टर बॅग भरून बसला होता, मीही येतो म्हणून. त्याने खोपट बघितलं असतं.

नूमा : मला वाटलंच होतं.

अर्लीन : कधी?

नूमा : तेव्हाच. फोनवर तू रडत नव्हतीस. नुसती कारणं देत होतीस.

अर्लीन : आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?

नूमा : बोलून काय? आईला तर पुरून झालं होतं.

अर्लीन : हं. म्हणून आता आलेय. तूच लिहायचास ना, तिच्या कबरीच्या उजव्या हाताला एक माणूस आरामात मावेल. ती जागा मला हवीय.

नूमा : त्याला वेळ आहे.

अर्लीन : नाही. डॉक्टर ईस्टरच्या पुढचं काही बोलतच नाहीत. मी विचारलं, तर माझा हात थोपटला त्यांनी.

नूमा : ईस्टर?

अर्लीन : तोंड असं नको करू. इथून उसातून सरळ गेलं की दहा मिनिटांत पोचायचो आपण त्या उंचवट्यावर. आता कुंपण घातलंय म्हणालास. दलदलीच्या बाजूने, बोटीतून दिसतं म्हणालास. म्हणून तर तिकीट काढलं, परक्यासारखं.

नूमा : ऊन फार आहे आज. जेवण झालं की तू गाडीतच पड. पायाला सूज आहे तुझ्या.

अर्लीन : दोन हजार मैल मी गाडीत पडायला आले नाही.

*

नोलन : या, या, मिस्टर नूमा! आज उशीर केलात. बावीस जण म्हणजे कसं, बोट खच्चून भरणार. तळलेला मासा खाऊन आलेली मंडळी, त्यात झोपतात अर्धी. आणि या कोण म्हणायच्या?

नूमा : माझी बहीण. अर्लीन. हा कॅप्टन नोलन, बोट याची.

नोलन : मिस अर्लीन! म्हणजे मिस ऑलिम्प तुमच्याही आई? अहो, मिस्टर नूमा, आधी सांगायचं नाही का? मग आज मी त्या वळणावर मार्शमेलोच्या गोड वड्या टाकत नाही. तसं म्हणजे कसं, मगरी तिथेच जास्त येतात खायला, लोकांना फोटो मिळतात. पण आज नाही.

अर्लीन : कुठल्या वळणावर?

नोलन : ते कबरींचं वळण. म्हणजे कबरी होत्या ना, तिथलं.

नूमा : नोलन, तू लोकांना बसवून घे.

अर्लीन : होत्या?

नोलन : मी… मी बसवून घेतो.

अर्लीन : नूमा. गेल्या नोव्हेंबरचं तुझं पत्र माझ्या पर्समध्ये आहे. वाचू? ‘सर्व संतांच्या दिवशी सकाळीच गेलो. गवत उपटलं, कबरीला चुन्याचे दोन हात दिले, मेणबत्ती लावली.’

नूमा : तसं नाही केलं.

अर्लीन : मग काय केलंस?

नूमा : बोटीत बसून जाऊन आलो. घरी येऊन ते लिहिलं.

अर्लीन : किती वर्षं?

नूमा : मोठं वादळ झालं तेव्हापासून. नऊ. त्याच्याआधी तेल कंपनीवाल्यांनी कालवा खणला होता, त्यातून खारं पाणी आत आलं. सायप्रसची झाडं वाळली, मुळं गेली, जमीन बसत गेली. तेव्हाही मी गुडघाभर पाण्यातून जाऊन चुना द्यायचो. मग वादळाने उरलंसुरलं नेलं. सहा जणांच्या शवपेट्या तरंगत रस्त्यापर्यंत आल्या होत्या.

अर्लीन : आईची?

नूमा : आईची नाही. तिच्यावर मी सिमेंटचा स्लॅब घातलाय. ती हलली नाही.

अर्लीन : तुला काय माहीत?

नूमा : नोलनकडे लांब काठी आहे. तिने चाचपतो. लागतो स्लॅब. मी ही ड्रायव्हरची नोकरी धरली कशाला, तुला काय वाटतं? बाकीचे ड्रायव्हर धक्क्यावर झोपा काढतात. मी आठवड्यातून तीनदा त्या बोटीत मागे बसतो.

अर्लीन : म्हणजे नऊ वर्षं तू चुना कबरीला नाही, मला लावलास.

नूमा : पहिल्या वर्षी वाटलं, पाणी उतरेल. पुढच्या वर्षी खरं लिहू. मग पुढच्या वर्षी तू लिहिलंस, तुझं पत्र वाचून बरं वाटलं, आई नीट आहे. आता त्याला काय उत्तर देणार होतो? एकदा खोटं लिहिलं की पुढचं आपोआप लिहिलं जातं. तुला वेगळं सांगायला नको.

अर्लीन : नको सांगूस.

नूमा : परत फिरायचं का? मी नोलनला सांगतो.

अर्लीन : हात दे. पायरी उंच आहे.

*

नोलन : तर मंडळी, इथे आपण जरा थांबतोय.

(इंजिन बंद होतं.)

नोलन : नाही, मॅडम, या वळणावर मगर नाही. हो, तुमच्या कागदावर लिहिलंय, पण आज नाही. पुढे भरपूर दाखवतो. लहान पिल्लू हातात देतो, मग तर झालं?

अर्लीन : मग त्या ओंडक्याशेजारी काय पडलंय?

नोलन : हळू बोला, मिस अर्लीन. मीही बघितलंय तिला.

अर्लीन : कुठे आहे, नूमा?

नूमा : तो वाळका सायप्रस दिसतो, शेंडा मोडलेला? त्याच्या अलीकडे. इथेच, आपल्या बाजूला.

अर्लीन : पाणीच आहे सगळं.

नूमा : पाणीच आहे.

अर्लीन : काठी दे माझ्याकडे.

नूमा : जड आहे. तोल जाईल. थांब, मी कमरेला धरतो.

अर्लीन : गाळ लागतोय.

नूमा : अजून खाली जाऊ दे. दाबू नकोस, नुसती सोड.

अर्लीन : गाळच आहे… थांब.

नूमा : लागलं?

अर्लीन : टणक आहे काहीतरी.

नूमा : तो कोपरा. आता उजवीकडे सरकव थोडी. तिकडे डोकं.

अर्लीन : डोक्याकडे नको. टोचेल तिला. पाय कुठे आहेत?

नूमा : डावीकडे. अजून. हं, तिथे.

नोलन : काय म्हणता, साहेब? नाही, नाही, पडलं काही नाही. बाई खोली बघतायत. अधूनमधून बघावी लागते, पाण्याचा काही भरवसा नसतो.

अर्लीन : किती आहे?

नूमा : आज सहा फूट असेल. थंडीत उत्तरेचा वारा सुटला की चारावर येतं.

अर्लीन : तिला पोहता येत नव्हतं.

नूमा : माहीत आहे मला.

अर्लीन : ओढ्यावर कपडे धुवायची तर घोट्याच्या वर पाणी आलं की मला हाक मारायची. हात धर म्हणून नाही, नुसती उभी राहा म्हणायची. एवढंसं काम होतं ते.

नूमा : अर्लीन, मी धरतो काठी. सोड आता.

अर्लीन : थोडा वेळ.

नोलन : माझी काही घाई नाही, मिस अर्लीन. लोकांना मी बगळ्यांचं काहीतरी सांगत बसतो.

अर्लीन : नको. ही घ्या तुमची काठी. चला पुढे. त्यांना पिल्लू हातात घ्यायचंय.

*

नूमा : पुढेच बस, माझ्याशेजारी. पाय वर घेता येईल. लोक आता दुकानात टोप्या बघत बसतील, दहा मिनिटं तरी येत नाहीत.

अर्लीन : उद्या त्या केंडलला फोन लावून दे मला.

नूमा : ती वाक्यं तिची नाहीत गं. मालकाची आहेत.

अर्लीन : असू देत. तिने लोकांना काय सांगायचं ते तिचं ती बघेल. पण त्या घरात कोण राहायचं ते तिला कळू दे. मी गेल्यावर ते माहीत असलेला तू एकटा उरशील, आणि तू बोलणाऱ्यांतला नाहीस.

नूमा : लावून देतो.

अर्लीन : नोकरी गेली तर?

नूमा : ते बघू. नोलन बोटीत घेईल मला, तिकीट न काढता.

अर्लीन : आणि माझ्या जागेचं काय?

नूमा : शहरात चर्चच्या मागे जागा मिळते. भिंतीतले कप्पे असतात, वरून दगडी झाकण. पाणी आलं तरी…

अर्लीन : कप्प्यात नको. भट्टीत पाव ठेवल्यासारखं. मातीत हवं मला. जरा उंचावरची जागा बघ कुठेतरी.

नूमा : इथे उंच असं काही नाही, अर्लीन. हवेलीखालची जमीन सोडली तर.

अर्लीन : ओकलंडला टेकडीवर आहे. वॉल्टरच्या शेजारी. त्याने दोघांची घेऊन ठेवलीय.

नूमा : मग तीच बरी.

अर्लीन : हं. कोरडी आहे. तुझी कुठे घेतलीयस?

नूमा : कुठेच नाही. तुला आईच्या उजवीकडची लिहिली होती ना, मी डावीकडची माझी धरून चाललो होतो.