रणगाड्याची डावी बाजू

हॅलो? … कोण? … अगंबाई, वन्सं, तुम्ही होय. दचकलेच मी… नाही हो, गेलेल्या सासूबाईच वाटल्या क्षणभर. नवी नवरी होऊन आले तेव्हा दारातून अशाच म्हणाल्या होत्या, "ये गं, दमलीस का?"… हो, तुमचा आवाज दिवसेंदिवस तसाच होत चाललाय.

मी बरी आहे… तुमचे भाऊराया? आहेत की. पुठ्ठ्याचा रणगाडा करतायत… तोच हो, पहिल्या महायुद्धातला, अवजड, चेपलेल्या पेटीसारखा. सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती तिने…

नाही, रडत नाहीये… वन्सं, ऐका ना. तुम्ही इतकी वर्षं नर्स होतात, म्हणून विचारते. सकाळी म्हणाले, "झाला बघ, आता रंग तेवढा." मी गेले बघायला. उजवी बाजू इतकी सुरेख… सुईच्या टोकाने डिंकाचा थेंब थेंब ठेवून रिव्हेट केलेत, मुंग्यांची रांग चाललीय जशी. आणि डावी बाजू कोरी. नुसता पुठ्ठा… हो, मीही तेच म्हटलं, राहिली असेल. तर म्हणतात, "राहिली कुठे? दोन्ही झाल्या की."… चेष्टा कसली, चिडले माझ्यावर. जन्मभर कारखान्यात फिटर, एक स्क्रू ढिला राहिला तर झोप न लागणारा माणूस हो…

जेवले ना. ताटातलं उजवीकडचं तेवढं. डावीकडे भाजी तशीच, वर मलाच विचारतात, आज भाजी नाही केलीस?… दाढी? … हो. अर्धीच… मला वाटलं, रणगाड्याच्या नादात…

विचारते, थांबा. अहो, वन्सं म्हणतायत, दोन्ही हात वर करा बघू… दोन्ही, अहो…

वन्सं, उजवाच केला. डावा मांडीवर पडलाय. "केले की दोन्ही," म्हणतात… काय, पक्षाघात? … हो, हो, लगेच. खिडकीतून शेजारणीला हाक मारते… अहो बाई, अँब्युलन्सला फोन लावा ना, यांना बरं नाहीये… लावतायत त्या… नाही, पाणीही देत नाही… तुम्ही बोलत राहा…

थांबा, ते काहीतरी सांगतायत… काय म्हणालात? … पुन्हा सांगा…

वन्सं, म्हणतात, काल संध्याकाळपासून हा हात त्यांना स्वतःचा वाटत नाहीये. कुणीतरी मांडीवर विसरून गेल्यासारखा. तू घाबरशील म्हणून बोललो नाही म्हणतात…

काय हो? … हं…

म्हणतात, "पण आता मीच घाबरलोय गं."

…ठेवते, वन्सं. तो हात धरायचाय मला.