लांबून वाचता येणारी जर्सी

आमच्या टीमचा कॅप्टन संदीप, ह्याला कॅच धरता येत नाय, पण अक्षरांतलं लई कळतं. घोडेगावच्या टुर्नामेंटआधी आमी सगळे प्रॅक्टिसला मैदानात, आणि हा जर्सी छापणाऱ्याच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर बसलेला. मी बोलवायला गेलो, तर मलाच शिकवायला लागला, "ही इंग्रजी अक्षरं बघ राव. प्रत्येकाला वर-खाली विटेसारखी जाड पट्टी हाय. ह्याला स्लॅब सेरिफ म्हणत्यात. अमेरिकेत कॉलेजची पोरं पाठीवर हेच लावत्यात. लांबून वाचता येतं."

"आरं, पण कॅचची प्रॅक्टिस?"

"आधी नाव दिसलं पायजे भाऊ!"

दिसलं की! एरवी कॅच सुटला, की माइकवरचा कॉमेंट्रीवाला "एका खेळाडूनं सोडला" एवढंच म्हणतो. परगावच्या पोरांची नावं त्याला कुठली माहीत? शिव्या अकरा जणांत वाटून जातात. त्या दिवशी बॉल संदीपच्या हातातून निसटला, हा पाठ फिरवून त्याच्यामागं पळाला, आणि माइकवाल्यानं पाठ वाचली, "संदीपनं सोडला!" थोड्या वेळानं, "परत संदीप! अक्षर लई झकास हाय पावणं, चष्म्याबिगर वाचतोय!"

दुसऱ्या मॅचला आमचे साहेब जर्सीची आतली बाजू बाहेर करून आले. पण त्या पट्ट्याच एवढ्या जाड, की पातळ कापडातून आरपार दिसत व्हत्या.

माइकवाला म्हणला, "पावणं, उलटं वाचायला जरा येळ लागंल. पण तुमी बिनधास्त कॅच सोडा, मी वाचतो."