मळ्यातलं घर फोन उचलतं

एक दिवस घरं माणसांशी बोलतील, असं मी नानाकाकांना सांगितलं तेव्हा ते हातातला चहा सांडेपर्यंत हसले होते. मी नुकताच कॉम्प्युटरचा क्लास लावला होता आणि तिथलं सगळं घरी येऊन ऐकवायचे.

"काका, दहा वर्षांत बघा! इंटरनेटवरून फ्रिज दूध मागवेल, घर तुम्हाला निरोप देईल."

"मळ्यात लाईट आलीय का, एवढं सांगंल का ते?"

"सांगेल की."

"आन् लाईट नसली तर बोलंल कसं गं?"

काका राहायला पंचवटीत, मळा लांब, ओझरच्या पुढे. स्कूटरवर तिथवर जावं तर भारनियमन, पाण्याची मोटार बंद आणि टोमॅटोंनी माना टाकलेल्या.

पंधरा दिवसांनी काकूंनी मला बोलावलं. "बघ गं, हे रिकाम्या घरात फोन करतात!"

मेव्हण्यानं दुबईहून आणलेलं, आपोआप फोन उचलून भरून ठेवलेला निरोप ऐकवणारं यंत्र काकांनी मळ्यातल्या घरी जोडलं होतं. त्यांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला. पलीकडून काकांचाच आवाज आला, "मळ्यातलं घर बोलतंय. लाईट आलीय, या."

"आणि लाईट नसली तर?"

"यंत्र बंद, नुसती रिंग वाजत राहती. मग मी घरीच."

रिसीव्हर परत घेऊन ते त्यात "आलोच" म्हणाले आणि स्कूटरची किल्ली उचलली.

"आता कोणाला आलोच म्हणालात?" काकू ओरडल्या.

"घराला!" काका दारातूनच म्हणाले. "दहा वर्षं कोण थांबतंय!"