दसऱ्याचा हार आणि जर्मनीतला दंड

नाव: इंद्रायणी रंगराव बोऱ्हाडे, वय २१ वर्षे, धंदा: कारखान्यात टंकलेखक, राहणार चिखली, तालुका हवेली.

समक्ष हजर होऊन जबाब देते की,

माझा भाऊ ज्योतीराम याच्या पासपोर्टची मुदत वाढवण्याच्या चौकशीसाठी हवालदार मारुतराव परवा आमच्या घरी आले होते. तेव्हा 'भावावर कोठेही गुन्हा अथवा दंड नाही' असे मी सांगितले. ते चूक आहे. एक दंड आहे. तो जर्मनीत आहे.

ज्योतीराम कंपनीत टर्नर आहे. गेल्या वर्षी कंपनीने त्याला काम शिकायला जर्मनीस पाठवले. शिकणे संपल्यावर तो व त्याचा सोबती भाड्याची मोटार घेऊन तिकडचा मुलूख पाहायला निघाले. त्या दिवशी दसरा होता. आमच्या घरी दसऱ्याला हातोडीसुद्धा हाराशिवाय राहत नाही. त्याने मोटारीला पुढून फुलांचा मोठा हार घातला, त्यात नंबर झाकला गेला. मग घरून निघताना आईने दिलेला नारळ चाकापुढे रस्त्यावर फोडला. पोलीस आला. ज्योतीरामने त्याला खोबरे दिले. पोलिसाने ते खाल्ले, हार काढायला लावला, करवंट्या उचलायला लावल्या आणि एक चिठ्ठी दिली. प्रसाद घेतला म्हणजे प्रकरण मिटले, अशी ज्योतीरामची समजूत झाली.

हा किस्सा त्याने साऱ्या आळीला सांगितला आहे. मीही हसले आहे. पण हवालदार गेल्यावर मला चैन पडेना. काल ती चिठ्ठी मी आमच्या कारखान्यातील जर्मन जाणणाऱ्या साहेबांना दाखवली. ते म्हणाले, "हा दंड आहे. अजून भरायचाय."

घरी सांगितले. आई अंबूबाई म्हणाली, "परसाद खाऊन वर दंड करतो व्हय? कसला मानूस हाय त्यो!" ज्योतीराम म्हणाला, "तुला शाळेत घातली ती ह्यासाठी का गं? पुढल्या महिन्यात कंपनी परत धाडतीय. हे कळलं तर माझं नाव कापून दुसऱ्याला पाठवतील." तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. जेवताना मीठसुद्धा आईमार्फत मागतो. दंड न भरता गेला तर विमानातून उतरताच त्याला अडवतील, अशी मला भीती वाटते.

आज चौकीत हे सांगितल्यावर हवालदार मारुतराव म्हणाले, "पोरी, आमची हद्द नदीपर्यंत. जर्मनीचं आम्ही काय करू?" मी सांगितले की दंड घेऊ नका, फक्त माझे परवाचे वाक्य दुरुस्त करा.

आज सकाळी बँकेत विचारले. परदेशात पैसे पाठवायला परवानगी लागते. म्हणून मुंबईला जर्मनांच्या वकिलातीत जाऊन दंड कसा भरावा हे मी विचारणार आहे. ज्योतीरामला सोबत बोलावले. त्याने आईमार्फत कळवले, "जायचं तर जा म्हणावं, पण माझं नाव सांगू नको." दंड त्याचाच असल्यामुळे ते जमणार नाही. तो आला नाही तरी मी जाणार आहे.

मारुतरावांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. फक्त मुंबईला जाण्याचा दिवस लिहायचा राहिला होता, तो माझ्या सांगण्यावरून घातला: सोमवार, दिनांक १२ मार्च १९७९.