एकही झाड न लावणारी ठकूबाई

मंडळी, एक सांगा. झाड लावणं पुण्याचं काम, हो ना? वा, सगळ्या माना डोलल्या! मग ऐका. एका बाईनं जन्मात एकही झाड लावलं नाही, आणि तरी उघड्या टेकडीवर रान उभं राहिलं ते तिच्यामुळं. तिला पुण्य लागलं की नाही? अहो, खांबाजवळचे काका तर छताकडे बघायला लागले!

गाव खडकाळी. गावामागं टेकडी, आणि टेकडीला टक्कल! काका, तुम्हाला नाही म्हटलं!

ठकूबाई विसाव्या वर्षी लग्न होऊन आली. विळा घेऊन टेकडीवर गवताला गेली. गवत कसलं, दगडच! विळा घासला एका वाळक्या खुंटाला. साल निघाली, आणि आत? हिरवं! ओलं! तिनं दुसरा खुंट खरवडला. हिरवा. तिसरा मेलेला. चौथा हिरवा!

टेकडी मेली नव्हती, मंडळी. वरचं तोडलेलं, पण मुळं जागी होती. दरसाल कोंब वर यायचा, आणि दरसाल तो खाल्ला जायचा. कोण खायचं? सावळेरामच्या शेळ्या! सावळेराम म्हणजे ठकूबाईचा धाकटा दीर.

"भाऊजी, एवढा एक पट्टा सोडा. सातच वर्षं."

"आणि शेळ्यांना काय तुमचं लुगडं खाऊ घालू, वहिनी?"

बाई चिडली? छे, विचारात पडली! एका खुंटाला कोंब फुटायचे दहा-बारा. झाड व्हायला दोन पुरे. बाकीचे तिनं कापले, भारा बांधला आणि दिराच्या दारात टाकला.

"घ्या. शेळ्या दारातच जेवतील. वर नका नेऊ."

शेळ्यांना त्याच दिवशी पटलं! सावळेरामला पटायला चार वर्षं लागली. आता शहाणं कोण, ते तुम्हीच ठरवा!

दरसाल ठकूबाई एकेक पट्टा वर सरकली. ऐन वाढला, धावडा वाढला, करवंदाच्या जाळ्या झाल्या. जांभूळ तर पाखरांनीच आणलं. पन्नास वर्षं गेली. खाली उंच झाडं, वर कमरेइतकी झुडपं.

आणि मग आले साहेब! कुठल्याशा योजनेचे. सोबत हजार रोपं, जेसीबी आणि फोटोवाला. कागदावर टेकडी काय? 'उजाड'!

"आजी, वरून झुडपं साफ करत येतो. मग छान जंगल लावू."

"मग हे काय आहे, बाबा?"

"हे आपोआप आलेलं. नोंदीत नाही."

अहो, जंगल लावायला जंगल काढणार! हसू नका, जेसीबी सुरू झाला होता! ठकूबाई पुढं झाली. पन्नास वर्षांचं रान संध्याकाळपर्यंत राहणार नव्हतं. तिनं विळा साहेबांच्या हातात दिला.

"साहेब, खुंट खरवडून बघा. मेलेला निघेल तिथं खुशाल खणा. माझी आडकाठी नाही."

समोर फोटोवाला, नाही कसं म्हणणार? साहेबांनी खरवडलं. हिरवं. पुढं गेले. हिरवं! जेसीबीवाला इंजिन बंद करून गंमत बघत बसला. सावळेराम मागून ओरडतोय, "साहेब, तिकडं मेलंय! तिकडं!" साहेब धावले, खरवडलं. हिरवं! "चुकलं हां माझं, साहेब!"

दुपारी साहेब घामाघूम होऊन ऐनाच्या सावलीत टेकले. गार वाटलं. त्यांनी वर बघितलं. मग हातातला कागद बघितला. मग पुन्हा वर. पेन काढलं, आणि तो एक शब्द खोडला.

"आजी, किती झाडं लावली म्हणून लिहू?"

"एकही नाही. मी कोंब खाऊ दिले नाहीत, इतकंच."

रोपं गेली शाळेच्या कुंपणाला. आणि फोटो? निघाला की, विळा घेतलेल्या साहेबांचा!

आता इकडं बघा. तुमच्या घरात कोंब नाहीत? सून भाकरी करताना गुणगुणते. "काय गळा काढलाय!" खाल्ला कोंब! पोरगी विचारते, चंद्र आपल्याबरोबर का चालतो? "गप, अभ्यास कर!" खाल्ला! आणि मे महिन्यात तीच पोरगी कुठं? व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात! आणला जेसीबी, खणला खड्डा!

आज नवीन काही लावू नका. घरी गेलात की कोणीतरी बोलायला तोंड उघडेल. त्याचं बोलणं पुरं होऊ द्या. पुण्य म्हणतात ते तिथं आहे, मंडळी. हं, उचला टाळ!