वीस सेकंदांचा चौक

वडिलांच्या मृत्यूचा दाखला घ्यायला चेतना पालिकेत रांगेत उभी होती. एकच खिडकी चालू होती, आणि तिथं वळसंगचा मेंढपाळ बिरुदेव आतल्या बाईंशी हुज्जत घालत होता.

“नव्या चौकात शिग्नलला पायी पल्याड जायला वीसच सेकंद? माजी साठ मेंढरं हायेत, बाई!”

“थोडी थोडी न्या.”

“म्होरकी गेली की बाकीची थांबत न्हाईत. लाल दिवा तुमीच शिकवा त्येंना!”

“हरकती मागवल्या तेव्हा कुठं होता?”

“हितंच! चाळीस सेकंद द्या म्हणून अंगठा दिलाय की.”

“ती हरकत मेंढरांची होती, म्हणून वगळली. माणसांना वीस सेकंद पुरतात. चला, पुढं कोण?”

“माझ्या वडिलांना पुरले नाहीत,” चेतना म्हणाली आणि तिनं कागद आत सरकवले.